‘ऑफबीट’ असं सर्चच करू नकोस

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. थोडं छोटं करून देते:

“ताई, मी आणि माझा धाकटा भाऊ वर्षातून एकदा आठ-दहा दिवसांची ट्रिप करतो. मला जुन्या वास्तू, जुने पूल, पडके किल्ले आवडतात, त्याला पक्षी आणि रात्रीचं आकाश. दोघांनाही गर्दीचा तिटकारा आहे. पण दरवेळी ऑफबीट, हिडन जेम्स असं सर्च करते आणि दरवेळी तीच पंधरा-वीस नावं येतात, रील्समध्ये पण तीच, एआयला विचारलं तर त्यानेही तीच दिली आणि वर एक असं गाव सांगितलं जे मॅपवर सापडेचना. मग ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडे, एक्सेल अर्धवट, आणि शेवटी वैतागून पॅकेज बुक करतो. अशी वेगळी ठिकाणं लोक शोधतात तरी कुठे? आणि सापडल्यावर प्लॅन नीट कसा करायचा?”

अगं, तुझ्याच पत्रातलं दुसरं वाक्य परत वाच बघू. जुने पूल, पडके किल्ले, पक्षी, आकाश. सर्च करताना नेमकं हेच तू टाकत नाहीस, तिथे तू टाकतेस ऑफबीट. आणि ऑफबीट टाकलं की समोर येतं ते ऑफबीट टाकणाऱ्या लाखो लोकांसाठी लिहिलेलं पान, एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलेलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. एआय पण बहुतेक तेच सगळं वाचून शिकलाय त्यामुळे तो वेगळं काय सांगणार? ऑस्ट्रियातलं हॉलस्टॅट बघ, तळ्याकाठचं एवढंसं गाव, हजाराच्या आतली वस्ती, आणि सीझनमध्ये एका दिवसात दहा हजारापर्यंत माणसं यायला लागली, शेवटी २०२३ मध्ये गावाने सेल्फीच्या जागेसमोर लाकडी कुंपणच उभं केलं काही दिवस. हे गाव अजूनही कुठल्या ना कुठल्या ‘गुपित’ यादीत सापडतं!

मला स्वतःला वाटतं की वेगळं ठिकाण शोधायचं तर टुरिस्टसाठी बनवलेल्या साइटवर कमीत कमी वेळ घालवायचा आणि ज्यांनी दुसऱ्याच कुठल्यातरी वेडापायी माहिती गोळा करून ठेवलीय त्यांच्याकडे जायचं. पक्षी मोजणारे, आकाश बघणारे, बंद पडलेल्या रेल्वेलाइन नकाशावर आखत बसणारे. ही मंडळी तुला पटवायला काही लिहीत नाहीत, फक्त नोंद करतात, आणि ती नोंद सगळ्यांना फुकट बघता येते.

भावापासून सुरू करू कारण त्याचं सोपं आहे. पक्ष्यांसाठी ईबर्ड नावाची साइट. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलं आणि आज जगभरचे लोक तिथे आपण बघितलेल्या पक्ष्यांची यादी टाकतात. त्याच्यात बार चार्ट म्हणून एक प्रकार आहे तो बहुतेक लोक उघडतच नाहीत आणि माझ्या मते प्लॅनिंगसाठी त्याच्याइतकं कामाचं काही नाही. एखादा देश किंवा जिल्हा निवडायचा, मग प्रत्येक पक्ष्यासमोर वर्षभराची एक पट्टी येते, महिन्याचे चार भाग केलेले असतात, पट्टी जाड म्हणजे तो पक्षी त्या आठवड्यात हमखास दिसतो, बारीक म्हणजे क्वचित, पट्टीच नाही म्हणजे विसरा. म्हणजे कुठे जायचं आणि कधी जायचं ही दोन्ही उत्तरं एकाच पानावर. शिवाय हॉटस्पॉटचा, म्हणजे पक्षी बघायच्या जागांचा, मॅप आहे, त्यात जिथे प्रजाती भरपूर पण याद्या टाकणारे लोक कमी अशी जागा दिसली की समजायचं इथे चांगलं आहे आणि गर्दी नाही.

आकाशासाठी डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेची यादी बघायची. अंधार जपणाऱ्या जागांना ते मान्यता देतात, २००१ पासून, पहिली मान्यता अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ शहराला मिळाली होती. नामिबियातलं नामिबरँड, स्कॉटलंडमधलं गॅलोवेचं जंगल, न्यूझीलंडचं मॅकेन्झी खोरं, असं बरंच काही आहे त्यात. पण यादीवरच थांबायची गरज नाही, लाइट पोल्यूशन मॅप नावाची साइट आहे, त्यात सगळ्या जगावर रात्रीच्या उजेडाचे रंग चढवलेले असतात आणि आपल्याला जायचंय त्या भागातला सगळ्यात काळा तुकडा दोन मिनिटांत सापडतो.

आता तुझं. युनेस्कोची वर्ल्ड हेरिटेज यादी सगळ्यांना माहितीये, २०२५ मध्ये ती १२४८ जागांवर गेली, त्यातल्या नावाजलेल्या जागी गर्दी असणारच. पण त्याच साइटवर टेंटेटिव्ह लिस्ट म्हणून दुसरी यादी असते, म्हणजे प्रत्येक देशाने पुढेमागे ज्यांचं नाव सुचवायचं ठरवलंय अशा जागा. दीड हजाराच्या वर नावं आहेत, देशाप्रमाणे लावलेली, बहुतेक नावांखाली ती जागा का महत्त्वाची आहे ते व्यवस्थित लिहिलेलं, आणि पर्यटनाच्या जाहिरातीत यातलं बरंचसं कधी येतच नाही. तुला जुन्या वास्तू आवडतात ना, मग एक देश धर आणि ही यादी वरपासून खालपर्यंत वाच, तासाभराचं काम आहे.

दुसरं ओपनस्ट्रीटमॅप. २००४ पासून स्वयंसेवकांनी हाताने बनवत आणलेला जगाचा नकाशा आहे हा, आणि यातल्या प्रत्येक वस्तूला लेबल लावलेलं असतं, हा धबधबा, हे पडकं बांधकाम, ही बंद रेल्वेलाइन, हा व्ह्यूपॉइंट. ओव्हरपास टर्बो नावाच्या साइटवर गेलीस की ही लेबलं शोधता येतात. नाव ऐकून घाबरू नकोस, कोडिंग वगैरे काही यायला लागत नाही. मॅप तुला हव्या त्या भागावर आण, वर विझार्डचं बटण आहे ते दाब, चौकटीत इंग्रजीत हिस्टॉरिक, मग बरोबरचं चिन्ह, मग रुइन्स (historic=ruins) असं टाईप कर आणि रन कर. त्या भागात जेवढे पडके वाडे, किल्ले, देवळं कोणी ना कोणी नोंदवलेत ते सगळे गोल होऊन मॅपवर उगवतात, त्यातल्या कित्येकांना धड नाव पण नसतं. रुइन्सच्या जागी कॅसल टाकून बघ, किंवा रेल्वे, बरोबरचं चिन्ह, अबँडन्ड (railway=abandoned) असं टाक. मॅप फार मोठा ठेवलास तर साइट अडकते, एखाद्या जिल्ह्याएवढाच ठेव. मग एक्स्पोर्टमधून ही यादी केएमएल फाइल (नकाशावरच्या जागा साठवणारी फाइल) म्हणून उतरवून घे, ती पुढे लागणारे.

अ‍ॅटलस ऑब्स्क्युरा (जगावेगळ्या जागांची साइट) आणि विकिव्हॉयेज (विकिपीडियासारखंच, पण प्रवासाचं) तुला माहिती असतीलच, दोन्ही चांगल्या आहेत, पण माझ्या मते त्या शेवटी उघडायच्या, भाग ठरल्यावर आजूबाजूला अजून काय आहे ते बघायला. आणि हो, तिथल्या स्थानिक भाषेतला विकिपीडिया नक्की बघ, ब्राउझर भाषांतर करून देतो, छोट्या गावावर इंग्रजीत दोन ओळी असतात तिथे स्थानिक भाषेत कधीकधी अख्खं पान असतं.

आता या याद्या वेगवेगळ्या बघून उपयोग नाही, एकावर एक ठेवायच्या. तुमच्या दोघांच्या आवडी घेऊन मी हेच करून बघितलं तर एक ठिकाण असं निघालं की मला राहवत नाहीये सांगितल्याशिवाय. हंगेरीतलं होर्तोबाज. तिथे गवताळ मैदान आहे, सपाट, क्षितिजापर्यंत, १९७३ पासून नॅशनल पार्क, १९९९ मध्ये वर्ल्ड हेरिटेज, २०११ मध्ये डार्क स्काय पार्क. ऑक्टोबरमध्ये तिथे स्थलांतर करणारे क्रौंच उतरतात, हजारोंनी, चांगल्या वर्षात लाखाच्या वर, आणि संध्याकाळी सूर्य मावळताना थव्यांनी मुक्कामाला तळ्यांवर परत येतात. म्हणजे संध्याकाळी पक्षी आणि अंधार पडला की तिथेच आकाश. आणि तुझ्यासाठी गावातच नऊ कमानींचा दगडी पूल आहे, १८२७ ते १८३३ मध्ये बांधलेला. एवढं असून बुडापेस्टला जाणारे बहुतेक लोक याचं नाव पण ऐकून नसतात!

हे बघितल्यावर तारीख कशी ठरते बघ. महिना क्रौंचांनी ठरवला, ईबर्डच्या पट्टीने. मग त्या महिन्यातली अमावास्या कधी ते बघायचं, तिच्या आगेमागे तीन-चार दिवस, आठवडा ठरला. मग हवामान, आणि इथे नेहमीच्या फोरकास्टचा काही उपयोग नाही कारण तीन महिने आधी कोणालाच काही माहिती नसतं, वेदरस्पार्क नावाच्या साइटवर त्या आठवड्याची सरासरी बघायची, किती ढग, किती थंडी, सूर्यास्त किती वाजता. एक बारीक गोष्ट, युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे त्या आठवड्यात जाणार असाल तर सूर्यास्ताची वेळ तारीख टाकूनच बघा नाहीतर क्रौंच येऊन बसलेले असतील आणि तुम्ही अजून स्टेशनवर. फ्लाइट या सगळ्यानंतर. लोक उलटं करतात, आधी स्वस्त तिकीट मग ठिकाण, आणि स्वस्त तिकिटं जिथे सगळे जातात तिथलीच जास्त असतात त्यामुळे फिरून तिथेच येतात. तिकीट बघताना मात्र गूगल फ्लाइट्समध्ये मल्टी सिटीचा पर्याय वापर, एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्यातून परतायचं, त्याने मागे फिरण्यात जाणारा अख्खा दिवस वाचतो.

प्लॅन फसतो तो कुठे सांगू? मोठ्या शहरापर्यंत सगळं सुरळीत असतं. फसतो तो शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये, बस दिवसातून दोनदाच, रविवारी नाही, शाळेला सुट्टी असली की नाही. वेगळं ठिकाण वेगळं राहिलंय ते बऱ्याचदा यामुळेच. त्यामुळे रोम टू रिओ या साइटवर सुरुवात कर, त्याने कुठून कुठे काय जातं याचा अंदाज येतो, पण त्याच्या वेळांवर विसंबू नकोस, तिथून जी कंपनी कळेल तिच्या स्वतःच्या साइटवर जा आणि तुझी खरी तारीख टाकून बघ. युरोपातल्या बहुतेक ट्रेनचं टाइमटेबल जर्मन रेल्वेच्या साइटवर दिसतं, आणि जगात कुठेही ट्रेनने जायचं असेल तर सीट सिक्स्टी वन नावाची साइट आहे, एकच माणूस २००१ पासून चालवतोय आणि कुठल्या देशात तिकीट कसं काढायचं ते इतकं तपशीलवार दुसरं कोणी लिहिलेलं मी बघितलं नाही. परतीची शेवटची गाडी आधी बघायची, जायची नंतर. होर्तोबाजचं बरं आहे, गावात स्टेशन आहे आणि डेब्रेत्सेन शहराहून ट्रेन येते, पण तळी गावापासून लांब आहेत, तेव्हा अंधारात परत कसं यायचं हा प्रश्न बुकिंगच्या आधी सोडवायचा.

काही ठिकाणी तर ऑनलाइन काही मिळतच नाही. किर्गिझस्तानमधलं सोंग-कोल तळं घे, ३००० मीटरच्या वर, उन्हाळ्यात मेंढपाळांचे तंबू लागतात, तिथे रेग्युलर बसच नाही. तिथलाच कोल-सू तलाव चीनच्या हद्दीजवळ आहे, फोटो बघून लोक निघतात आणि मग कळतं की सीमाभागाचा वेगळा परवाना आधी काढावा लागतो. अशा वेळी तिथल्या लोकांनी चालवलेली होमस्टेची संस्था शोधायची, किर्गिझस्तानात ती सीबीटी (कम्युनिटी बेस्ड टुरिझम) नावाने बऱ्याच गावांत आहे, आणि सरळ मेल करून विचारायचं. आणि रस्ता, बर्फ, पाणी यांची शंका असेल तर कोपर्निकस ब्राउझर नावाची साइट उघड, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचे फोटो आहेत, फुकट, दर पाचेक दिवसांनी नवा. मागच्या वर्षी तुझ्याच तारखेला तळं गोठलेलं होतं की निळं, डोळ्यांनी दिसतं.

एआयचं म्हणशील तर मी त्याच्या विरोधात नाही, रोज वापरते. हंगेरियनमध्ये गेस्टहाऊसला मेल लिहायचाय, स्थानिक भाषेत सर्च करायला शब्द हवेत, दहा दिवसांचा प्लॅन दाखवून यात कुठे फार धावपळ होतेय विचारायचंय, यासाठी मस्त आहे. पण जागा, वेळ, परवाना या तीन गोष्टी त्याच्याकडून घ्यायच्या नाहीत. तुला सापडलं नाही ते गाव बहुतेक नसेलच. २०२५ मध्ये बीबीसीने पेरूमधली गोष्ट दिली होती, दोन पर्यटक एआयने सुचवलेली डोंगरातली दरी बघायला निघाले होते, फोटो-वर्णन सगळं होतं, फक्त अशी दरीच नव्हती, एका स्थानिक गाईडच्या लक्षात आलं म्हणून बरं. इतक्या उंचीवर हे जिवावर बेतू शकतं गं. आणि नकाशे पण चुकतात, प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनियाजवळ सँडी आयलंड नावाचं बेट वर्षानुवर्षं नकाशांवर होतं, गूगलवर सुद्धा, २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे गेलं तर हजार मीटरहून खोल समुद्र. म्हणून माझा नियम साधा आहे, एकमेकांचं बघून लिहिलं नसेल अशा दोन ठिकाणी ती जागा दिसायला हवी, ओपनस्ट्रीटमॅपवर आहे आणि सॅटेलाइट फोटोत छप्पर पण दिसतंय, मग ठीक. स्ट्रीट व्ह्यू असेल तर फोटो कुठल्या वर्षीचा आहे ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ते वाच. रिव्ह्यू नेहमी नवीन आधी असे लाव, आणि तुझ्याच महिन्यातले शोध, जुलैमधलं कौतुक ऑक्टोबरमध्ये कामाचं नाही.

टॅबचा आणि एक्सेलचा प्रश्न राहिला. एक्सेल टाकून दे. गूगल माय मॅप्समध्ये एक नकाशा बनव, त्यात दहापर्यंत लेअर करता येतात, एक तुझा, एक भावाचा, एक राहायच्या जागा, एक स्टेशन-बसस्टॉप. ओव्हरपासची ती केएमएल फाइल सरळ आत घेता येते. सगळं एका नकाशावर आलं की काय करायचं ते डोळ्यांनाच कळतं, जिथे चारही रंगांचे ठिपके जवळ जवळ आलेत तिथे तीन रात्री राहायचं, जो ठिपका एकटाच लांब पडलाय तो कितीही आवडला तरी सोडायचा. दहा दिवसांत दोन मुक्काम, फार तर तीन. एवढं शोधून काढलेल्या जागी एक रात्र राहून पळायचं म्हणजे अन्याय आहे, पक्षी आणि आकाश तर तुमच्या वेळेवर येत नाहीत, एक संध्याकाळ ढगात गेली तर दुसरी हवीच. निघायच्या आधी हाच नकाशा ऑरगॅनिक मॅप्स या अ‍ॅपमध्ये टाकून घ्या दोघांच्याही फोनवर, ते नेटशिवाय चालतं आणि पायवाटा पण दाखवतं. राहायच्या जागेचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावर लिहून ठेवा, फोन बंद पडला तरी कोणालाही दाखवता येतो.

परत आल्यावर फोटो टाकशील, जरूर टाक, पण अचूक लोकेशन टाकताना जरा थांब. आइसलंडमधली फ्याद्रारग्ल्यूफुरची घळ एका गाजलेल्या व्हिडिओनंतर इतकी तुडवली गेली की २०१९ मध्ये बंद ठेवावी लागली, तिथल्या शेवाळाला परत उगवायला खूप वर्षं लागतात. अमेरिकेत जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने तर २०१८ मध्ये स्वतःच लोकांना सांगितलं की अचूक टॅग नका करू, नुसतं भागाचं नाव द्या. पडके किल्ले आणि पक्ष्यांची घरटी यांना तर हे जास्तच लागू आहे, तिथे राखण करायला कोणी नसतं.

आता असं कर, या आठवड्यात भावाला ईबर्डच्या पट्ट्या आणि काळे तुकडे शोधायला बसव, तू टेंटेटिव्ह लिस्ट आणि ओव्हरपास घे, आणि एकमेकांना काही सांगू नका. रविवारी दोघांचे ठिपके एकाच नकाशावर टाका आणि कुठे जवळ आलेत ते बघा. फ्लाइटची साइट तोपर्यंत उघडायची नाही. काय निघालं ते मला कळव, होर्तोबाजपेक्षा चांगलं काही सापडलं तर नक्की कळव.